आमची वाटचाल: आकसलेल्या साबणापासून कोऱ्या चिठ्ठीपर्यंत

धंदा करायचा म्हणून आम्ही सुरुवात केलीच नव्हती. त्या वर्षी नाताळाला मित्रमंडळींना आणि नातेवाइकांना विकतचं काही द्यायचं नाही, असं मी आणि माझ्या धाकट्या जावेने ठरवलं. साबण करायचे, मेणबत्त्या करायच्या. ठरवलं मात्र डिसेंबर उजाडल्यावर, आणि तिथेच फसलो.

थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण एक-दोन दिवसांत वड्या पाडण्याइतका घट्ट होतो, त्यामुळे झाला तयार असं वाटतं. खरं तर त्याला हवेवर चार ते सहा आठवडे सुकू द्यावं लागतं. आम्ही दोन आठवड्यांतच कागदात घट्ट गुंडाळून, वर रिबीन बांधून वाटूनसुद्धा टाकला. आतलं पाणी उडत गेलं, वड्या आकसल्या आणि वेष्टणं थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखी ढगळ झाली. काहींवर तेलाचे डागही उमटले. सासूबाईंनी विचारलं, "साबण छान आहे गं, पण हा रोज वाळतोय कशाने?"

तरी पुढच्या वर्षासाठी चौघींनी आधीच सांगून ठेवलं. मग वही घातली. तेलाचा साबण होतो तो कॉस्टिक सोड्याने, आणि प्रत्येक तेलाला तो वेगळ्या प्रमाणात लागतो. खोबरेलाला ऑलिव्हपेक्षा बराच जास्त. त्यामुळे वाटी-चमच्याचं माप बंद, सगळं ग्रॅममध्ये. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवाच, ॲल्युमिनियमचं भांडं नको आणि मुलं खोलीबाहेर. यात आम्ही आजही कुणाचं ऐकत नाही.

मेणबत्तीने वेगळंच छळलं. वात बारीक पडली की मधोमध विहीर होते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड पडली की काजळी. सोया मेणात सुगंध मुरायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणून आमचं कॅलेंडर २५ डिसेंबरपासून उलटं चालतं: शेवटचा साबण ऑक्टोबरअखेर, शेवटची मेणबत्ती नोव्हेंबरअखेर. त्यानंतर कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

खरं शिकलो ते वेष्टणात. एका वर्षी ऐन गर्दीत कागद संपला आणि आम्ही रडकुंडीला आलो. पुढे वाचनात आलं की १९१७ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ टिश्यू कागद असाच नाताळाच्या तोंडावर संपला होता. त्यांनी पाकिटांच्या आत लावायचा नक्षीदार कागद काढून विकायला ठेवला आणि तो हातोहात खपला. त्यांच्याच हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीचा गिफ्ट पेपर तिथून सुरू झाला. आम्हाला मात्र तेव्हा घरातल्या जुन्या सुती ओढण्याच सापडल्या. बोचकं बांधणंच ते, जपानी लोक त्याला फुरोशिकी म्हणतात आणि फार देखणं करतात. चौकोनी कापडाचा कर्ण वस्तूच्या सर्वांत लांब बाजूच्या तिप्पट घेतला की गाठ नीट बसते. चिकटपट्टी लागत नाही, कापड पुन्हा वापरता येतं. चमकीचा कागद तेव्हापासून बंद, कारण तो पुनर्वापराला जात नाही.

नंतर एका ग्राहक बाईंनी सांगितलं, "आतलं तुमचं कार्ड काढून टाका ना, मीच केलंय असं सांगेन म्हणते." मला राग आला. जाऊ मात्र म्हणाली, "अगं, त्यांना हाताने काहीतरी द्यायचंय, वेळ नाही एवढंच." त्यातून आमचं आताचं खोकं निघालं: मुरलेला साबण, मेणबत्ती, मापाने कापलेला खाकी कागद, सुतळी आणि एक कोरी चिठ्ठी. गुंडाळायचं ज्याचं त्याने. कशाकशापासून केलंय ते लिहिलेला कागद मात्र आत असतोच, कुणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही. बांधलेल्या भेटींपेक्षा आता या खोक्यांनाच मागणी जास्त आहे, हे कबूल करायला मला जरा वेळ लागला.

गेल्या नाताळात एकीचा फोन आला, त्या कोऱ्या चिठ्ठीवर काय लिहू म्हणून. जाऊ म्हणाली, "आधी देणार कुणाला ते तर सांगा." मग तासभर फोन चालला आणि उरलेले कागद मी एकटीनेच कापले.