केप कॉड कालव्यावर कडक लुअरने मोठा स्ट्रायपर: दोन पहाटांचा वृत्तांत

गेल्या जूनमध्ये दोन पहाटा केप कॉड कालव्यावर काढायच्या, या एकाच हेतूने मी न्यू जर्सीतील एडिसनहून मॅसॅच्युसेट्सला गाडी हाकली. स्ट्राइप्ड बास या माशाला इथले गळकरी 'स्ट्रायपर' म्हणतात. तो मी पूर्वी न्यू जर्सीजवळच्या रॅरिटन उपसागरात ताज्या आमिषावर धरला होता, पण लाकडी किंवा टणक प्लॅस्टिकच्या, पाण्यात माशासारख्या डुलत पोहणाऱ्या लुअरवर, म्हणजे नकली आमिषावर, मोठा मासा घेण्याची हौस राहून गेली होती.

कालवा ४८० फूट रुंद आणि ३२ फूट खोल आहे. त्याच्या एका तोंडाशी केप कॉड उपसागर आणि दुसऱ्या तोंडाशी बझर्ड्स उपसागर आहे. पहिल्याकडे भरती-ओहोटीतील फरक सुमारे ९ फुटांचा, तर दुसऱ्याकडे सुमारे ४ फुटांचा असतो, आणि दोन्हीकडच्या वेळाही जुळत नाहीत. त्यामुळे पाणी कालव्यातून नदीसारखे धावते आणि साधारण सहा तासांनी दिशा बदलते. येथे भरतीचे वेळापत्रक पाहून निघणे ही नवख्याची हमखास चूक होय. पाहायचे ते नोआ या सरकारी संस्थेचे प्रवाहाचे कोष्टक, कारण भरतीची वेळ आणि प्रवाह उलटण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वेकडे वाहणारे पाणी उजाडताना थांबून पश्चिमेकडे वळते, त्या दिवसांना स्थानिक लोक 'ब्रेकिंग टाइड' म्हणतात, आणि मी तेच दिवस निवडले होते. अर्थात सगळ्यांनीच ते निवडलेले असतात. पहाटे साडेतीनला कालव्याकाठच्या हेरिंग रन या ठिकाणाजवळच्या वाहनतळावर मला जेमतेम जागा मिळाली.

पहिली पहाट माझ्याच हाताने वाया गेली. पाणी जोरात असताना मी घरच्या सवयीने रील भराभर फिरवीत होतो आणि लुअर पोहण्याऐवजी कुशीवर पडून पृष्ठभागावर घसरत येत होता. लुअरच्या तोंडाखालच्या पत्र्यावर, म्हणजे 'लिप'वर, पाणी आदळते म्हणून तो डुलतो. धावत्या पाण्यात ते काम प्रवाहच करतो आणि आपण फक्त दोरीतला झोल काढायचा असतो. शेजारच्या खडकावरील वयस्कर गृहस्थांनी बराच वेळ पाहून शेवटी एवढेच सांगितले, की रॉडच्या टोकाकडे पाहा, ते एका लयीत थरथरत असेल तर लुअर पोहतो आहे. त्यानंतर तासाभरात एक दणका बसला, दोरी सुसाट गेली आणि एकदम सैल पडली. लुअर परत आला तो मागच्या हुकाशिवाय. मी स्वस्तात घेतलेली स्प्लिट रिंग, म्हणजे हूक लुअरला अडकवणारी कडी, उकलून सरळ झाली होती. चाळीस डॉलरच्या लुअरला पन्नास सेंटची कडी लावणाऱ्याला दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

दुपारी मी सर्व कड्या आणि हूक बदलले, पोटाखाली भक्कम तिहेरी हूक ठेवला, शेपटीला एकेरी लावला आणि सगळ्यांच्या टोकांवरील काटे पक्कडीने दाबून टाकले. एक लाकडी लुअर ओढताना सारखा उजवीकडे पळत होता. त्याचे तोंड आपल्याकडे धरून दोरी बांधायचा तारेचा डोळा किंचित डावीकडे वाकवल्यावर तो सरळ चालू लागला. हा डोळा केसभरच वाकवावा, नाहीतर लुअर दुसऱ्या बाजूला पळतो.

दुसऱ्या पहाटे पाणी मंदावत असताना मी मॅकरेलच्या रंगाचा, निळसर-हिरव्या पाठीवर काळ्या नागमोडी पट्ट्यांचा, सात इंची लुअर लावला. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद; मालवणच्या बाजारात पाट्यांवर पाहिलेली तीच चमक. फेक प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी टाकायची, लुअर कमानीसारखा खाली वाहत येऊ द्यायचा आणि कमान संपताना क्षणभर थांबायचे. त्या थांब्यातच मासा लागला. रॉडवरच्या खुणांनी तो ४१ इंच भरला.

नियमाप्रमाणे दिवसाला एकच मासा, तोही २८ इंच ते ३१ इंचांच्या आतला, ठेवता येतो. म्हणजे मोठा मासा सोडायचाच असतो, आणि ते योग्यही आहे, कारण एवढ्या मोठ्या बहुतेक माद्या असतात. त्याला जबड्याला धरून उभा लटकवू नये. ओल्या हातांनी पोटाला आधार द्यावा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारीपर्यंत धरावा. माझ्या मादीला दोन मिनिटे लागली. तिच्या खरखरीत जबड्याने अंगठ्याची साल मात्र काढली.

जाणाऱ्यांनी साडेदहा-अकरा फुटी रॉड, ५० पौंड ताण सोसणारी वेणीची दोरी आणि ५० ते ६० पौंडी लीडर, म्हणजे दोरी आणि लुअर यांच्यामधला वेगळा तुकडा, घ्यावा. काठावरचे दगड शेवाळाने इतके निसरडे असतात, की तळाला खिळे असलेल्या बुटांशिवाय पाण्याजवळ उतरू नये. मोठे जहाज गेले की त्याची लाट काही क्षणांनी दगडांवर चढते, तेव्हा दोन पावले मागे सरावे. १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला मॅसॅच्युसेट्सचा सागरी मासेमारी परवाना लागतो. तो निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढावा आणि आकाराचे नियमही त्याच वेळी पुन्हा पाहावेत, कारण ते बदलतात. मुक्कामावर पोहोचल्यावर लुअर गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. मी ते केले नाही, आणि पुढच्या शनिवारी पेटी उघडली तेव्हा नवे हूक तांबडे झाले होते.