रिटर्न वेगळं, तरी दवाखान्याचा खर्च एकत्रच

भारतात नवरा-बायकोचं पॅन वेगळं, रिटर्नही वेगळं. अमेरिकेत बहुतेक जोडपी एकच रिटर्न भरतात; आम्ही मात्र वेगळं भरतो. नवऱ्याचं सरकारी शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय, आणि वेगळं रिटर्न भरलं की हप्ता ठरवताना फक्त त्याचाच पगार धरतात. माझ्या तर हे अंगवळणीच पडलेलं. म्हणून वाटलं, रिटर्न वेगळं म्हणजे सगळंच वेगळं.

मी नोकरीतून मोठ्या डिडक्टिबलचा विमा घेतला होता (म्हणजे सुरुवातीचा मोठा खर्च आधी आपण करायचा, मग विमा देतो), सोबत एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. त्यात पगारातून करमुक्त पैसे टाकायचे, आजारपणाला वापरायचे, उरलेले कायम आपले. (न्यू जर्सीत राज्याचा कर मात्र त्यावर भरावाच लागतो.) 2024 मध्ये कुटुंबाच्या विम्यावर त्यात पैसे टाकायची मर्यादा होती 8,300 डॉलर. नवऱ्याने त्याच्या कंपनीत एफएसए घेतलं, 3,200 डॉलरचं; हेही आजारपणासाठी पगारातून करमुक्त पैसे ठेवायचं खातं, फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. कंपन्या वेगळ्या, खातीही वेगळी.

पण साध्या एफएसएतून बायकोचाही खर्च भागवता येतो. मी त्यातला एक डॉलरही घेतला नव्हता. तरी घेता आला असता, एवढ्यानेच माझा एचएसएत पैसे टाकायचा हक्क गेला होता. माझ्या पगारातून एचएसएत गेलेली वर्षभराची सगळी कपात जादा ठरली. ती रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत, त्यावरच्या मिळकतीसकट, काढली नाही तर पैसे खात्यात असेपर्यंत दरवर्षी 6 टक्के जादा कर. मार्चमध्ये लक्षात आलं, पैसे काढले, त्यावर नेहमीचा कर भरला. त्या रात्री मला झोप लागली नाही. नवऱ्याचं चालू वर्षाचं एफएसए तर आधीच ठरून गेलेलं, म्हणून माझी कपात लगेच थांबवली.

हाच नियम दुसऱ्या बाजूने सोयीचाही आहे. आधीपासून जमलेल्या एचएसएतून नवऱ्याच्या दाताचं बिल देता येतं, रिटर्न वेगळं असलं तरी, तो माझ्या विम्यात नसला तरी. फक्त एकच बिल दोन्ही खात्यांतून घ्यायचं नाही. आणि दोघांचीही एचएसए असतील, तर कुटुंबाची मर्यादा दोघांत मिळून एकच.

इकडे येणाऱ्या जोडप्यांना कळकळीने सांगते, विमा निवडायच्या दिवसांत दोघांचे कागद शेजारी ठेवून बघा. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तसंच केलं. नवऱ्याने फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए घेतलं, ते एचएसएच्या आड येत नाही. जानेवारीत त्याच्या नव्या चष्म्याचे पैसे त्यातूनच दिले, आणि माझी कपात पुन्हा सुरू झाली.