आईची दाढ

दाढ काढायची म्हटलं की आईचे हात गार पडतात. लहानपणी भूल चढायच्या आतच तिचा दात उपटला होता; ती कळ अजून मनातून गेलेली नाही. यावेळी डॉक्टरांनी भीती कमी करायचे पर्याय सांगितले: तासभर आधी घ्यायची गोळी, शिरेतून औषध, नाहीतर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे श्वासातून घ्यायचा गुंगीचा वायू. गोळीची गुंगी बराच वेळ राहते, म्हणून आम्ही वायू निवडला. 1844 साली होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने स्वतःची दाढ याच वायूवर काढून घेतली होती.

नाकावर छोटा मास्क, त्यात ऑक्सिजनही मिसळलेला. काही मिनिटांत पदराचं टोक पिळणारी तिची मूठ सैल झाली. जागी होती, हुंकार देत होती. हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन मात्र द्यावंच लागतं. हे पेशंटला आधी सांगा, लपवू नका. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन. उठून म्हणाली, "झालं पण?"