डबे १००, काउंट १०७

गेले तीन आठवडे एका बोर्डने डोकं खाल्लं होतं. कन्व्हेयरवरचे डबे मोजायचा साधा काउंटर, सेन्सरचा पल्स आला की आकडा एकने वाढणार, बस एवढंच काम. पण १०० डबे गेले की काउंट १०७, कधी ११२. सेन्सर बदलला, सप्लाय बदलला, कोड तर पाठच झाला. शेवटी डिस्प्लेचं अपडेट बंद करून बघितलं आणि काउंट बरोब्बर १००!

सेन्सर आणि डिस्प्ले एकाच ३० सेंटीमीटरच्या रिबन केबलमधून जात होते आणि डिस्प्लेला डेटा पाठवणाऱ्या एसपीआय बसचा क्लॉक (ठरावीक ठेक्याचा सिग्नल) सेन्सरच्या वायरीला चिकटून. क्लॉक जेमतेम १ मेगाहर्ट्झ म्हणून मला त्याचा संशयच आला नाही. पण क्रॉसटॉकमध्ये (एका वायरीचा सिग्नल शेजारच्या वायरीत घुसण्यात) फ्रिक्वेन्सीपेक्षा एज, म्हणजे सिग्नलची वर-खाली उडी, किती झटकन होते ते महत्त्वाचं, ३.३ व्होल्टची उडी काही नॅनोसेकंदांत झाली की दोन वायरींमधला काही पिकोफॅरडचा कपॅसिटन्ससुद्धा पुरतो, त्यात सेन्सर ओपन कलेक्टर (लाइन फक्त खाली ओढणारा) आणि तिला वर ओढणारा पुल-अप रेझिस्टर १० किलोओहमचा, म्हणजे लाइन आधीच अशक्त. ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला की त्याच्याच कपॅसिटन्समुळे ग्लिच (क्षणिक खोटा पल्स) दबायचा, म्हणून इतके दिवस सापडला नाही.

उपाय जुन्या आयडीई हार्डडिस्कच्या केबलवरून सुचला. यूडीएमए ६६ हा जास्त वेगाचा मोड आला तेव्हा कनेक्टर ४० पिनांचाच ठेवला पण वायरी ८० केल्या, वाढलेल्या ४० च्या ४० ग्राउंड! इतकं साधं आणि इतकं सुंदर काम फार कमी बघायला मिळतं. मीपण पिनआउट बदलून क्लॉक आणि सेन्सरच्या मध्ये ग्राउंड घातला, कंट्रोलरच्या क्लॉक पिनजवळ एज थोडी संथ व्हावी म्हणून ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला, पुल-अप २.२ किलोओहम केला. दोन दिवस चालवलं, एकही फालतू काउंट नाही. आयटूसी (दोन वायरींची डेटा बस) वापरणाऱ्यांनो, त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय की वायरिंग १० सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर क्रम एसडीए (डेटा), सप्लाय, ग्राउंड, एससीएल (क्लॉक) असा ठेवा, तरी सगळे एसडीए-एससीएल शेजारीशेजारी नेतात.

बोर्डवर पण तेच. टू-लेअरमध्ये ट्रॅकखालचा ग्राउंडचा थर १.६ मिलिमीटर दूर, फोर-लेअरमध्ये साधारण ०.२ वर येतो, मग ट्रॅकमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर ठेवलं तरी खूप फरक पडतो. आणि दोन ट्रॅकच्या मध्ये गार्ड ट्रॅक (आड येणारा ग्राउंडचा ट्रॅक) घालणार असाल तर त्याला थोड्या थोड्या अंतरावर ग्राउंडचे व्हाया (थर जोडणारी छिद्रं) द्याच, नुसता तरंगता ठेवला तर तो एका ट्रॅकचा नॉइज दुसऱ्यापर्यंत पोचवतो.