आता बरी आहेस ना, मग गोळी अजून कशाला?

मला एचआयव्ही आहे. रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असं आलं, की हा प्रश्न ठरलेला. विचारणारी माणसं माझीच, म्हणून मी हसून विषय बदलते. आज नाही बदलणार.

आधी डॉक्टरी उत्तर. रक्तात आढळला नाही म्हणजे शरीरातून गेला, असं नाही. काही पेशींमध्ये तो निपचित पडून असतो आणि तिथे औषधाचं काही चालत नाही. गोळी थांबवली की बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांतच तो पुन्हा रक्तात दिसतो. ‘मग अधूनमधून सुट्टी?’ तेही करून झालंय. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत एका गटाचं औषध सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारक पेशींचा आकडा) चांगला असताना थांबवायचे आणि उतरला की पुन्हा सुरू करायचे. त्या गटात आजारपणं आणि मृत्यू इतके जास्त दिसले, की २००६ मध्ये ते थांबवणंच बंद करावं लागलं. शिवाय माझ्यापासून नवऱ्याला लागण होत नाही, ती याच गोळीमुळे.

एवढं पुरे व्हायला हवं. होत नाही, तुम्हालाही आणि मलाही.

मला निदान झालं तेव्हा सीडी४ ३५० पर्यंत उतरल्याशिवाय उपचार सुरू होत नसत. त्याआधी तर ही रेषा २०० वर होती. माझा आला ४१२. डॉक्टरांनी आकड्याखाली रेघ ओढली. “छान आहे. सहा महिन्यांनी या.” मी म्हटलं, “म्हणजे आणखी आजारी पडून येऊ?” ते ओशाळले. “तसं नाही हो, नियम आहे.” बाहेर बाकावर एक बाई बसली होती. अंगावर मांस म्हणून नाही, उठायचं तर कुणीतरी धरावं लागत होतं. तिच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी. मला तिचा हेवा वाटला. हो, हेवाच.

आणि तरी घरी फोन करून मी काय सांगितलं? “औषधाची गरज नाही म्हणाले!” पहिला नंबर आल्यासारखं. त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजून भांडते. ती म्हणते, तू तरी काय करणार होतीस? गोळी नाही म्हणजे आजार नाही, असं वाटून मला निदान झोप तरी लागली. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पुढे खोकला, रोज संध्याकाळी ताप, मग टीबी. दवाखान्यात पडून असताना सीडी४ १९० आला आणि मी नियमात बसले.

२०१५ मध्ये ‘स्टार्ट’ चाचणीचे निकाल आले. सीडी४ ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलेल्यांना, आकडा उतरायची वाट पाहणाऱ्यांच्या तुलनेत, गंभीर आजाराचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आकड्याची अटच काढली. डॉक्टरांवर माझा राग नाही. औषध मोजकं असेल तर आधी त्या बाईलाच द्यायला हवं, मीही तेच केलं असतं. पण औषध मोजकं का होतं? अनेक औषधं एकत्र देऊन विषाणू रोखता येतो हे १९९६ पासून माहीत होतं. माझ्या वाट्याला थांबणं आलं ते विज्ञान अपुरं होतं म्हणून, की पुरवठा? दोन्ही म्हणते मी. कधी कधी नुसतं दुसरंच म्हणते.

कंटाळा येतो का? येतो. प्रवासात गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत लपवते, तेव्हा स्वतःचीच चीड येते. पण जी गोळी मागूनही मिळाली नव्हती, ती तुम्ही मला ‘आता सोड’ म्हणता, तेव्हा तुमचा राग येतो. तुमचा काही दोष नसताना.

आता दोन महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं निघालीत, ती घेशील का, असं यापुढे विचाराल. मिळाली तर बघेन. पण घरात गोळ्यांची बाटली नसेल, हे मला सोसेल का, ते अजून कळत नाही.