दोन स्टेडियमांच्या मधली जागा

नदीकाठी स्टेडियम बांधायची योजना कुठल्याही शहरात निघाली की आधी चित्र येतं. संध्याकाळचा उजेड, पाण्यात पडलेलं स्टेडियमचं प्रतिबिंब, आजूबाजूला झाडं, हॉटेलं, घरांच्या गॅलऱ्यांमध्ये उभी असलेली माणसं. मी हिशेब तपासायचं काम करते, त्यामुळे माझी नजर स्टेडियमवर टिकत नाही. ती त्या गॅलऱ्यांकडे जाते. ही घरं कोण बांधणार, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या साली? चित्रात याचं उत्तर नसतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात इतकी वर्षं राहून मला ते बघायला मिळालं, म्हणून लिहितेय.

इथे ओहायो नदीच्या काठावर 1970 मध्ये रिव्हरफ्रंट स्टेडियम उघडलं. बेसबॉल आणि फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) दोन्ही त्याच गोल वाडग्यात. त्याच्याभोवती पार्किंग, आणि शहर व नदी यांच्या मध्ये फोर्ट वॉशिंग्टन वे नावाचा खोलगट महामार्ग. म्हणजे नदीचं शहर असून शहराला नदीपर्यंत चालत जायची सोय नाही. मार्च 1996 मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या (सिनसिनाटी ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या) मतदारांनी विक्री कर अर्ध्या टक्क्याने वाढवायला होकार दिला. त्या पैशातून दोन्ही संघांना स्वतंत्र स्टेडियम मिळणार होती, आणि घरमालकांना मालमत्ता करात सवलत.

मी इथे आले तेव्हा हे मतदान होऊन गेलं होतं. घर घेतल्यावर कराच्या बिलात ती सवलतीची ओळ दिसली तेव्हा बरंही वाटलं. मग पुढच्या काही वर्षांत तो आकडा आक्रसला. स्टेडियमच्या निधीत खड्डा पडला होता आणि तो बुजवायला पैसे कुठून तरी आणावे लागणार होते. काउंटीने आपलं एक सार्वजनिक रुग्णालयसुद्धा विकलं. करातली सवलत कमी झाली याचं मला फार वाटलं नाही, रुग्णालयाचं वाटलं. अजूनही वाटतं.

पश्चिमेचं फुटबॉल स्टेडियम 2000 मध्ये उघडलं. जुनं रिव्हरफ्रंट 2002 च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडलं आणि पूर्वेचं बेसबॉलचं मैदान 2003 मध्ये सुरू झालं. मधल्या जागेला ‘द बँक्स’ असं नाव आधीच मिळालेलं होतं. जागा मात्र तशीच. खडी, कुंपण, सामन्याच्या दिवशी गाड्या. दुपारच्या सुट्टीत आम्ही ऑफिसातून नदीकडे चालत जायचो तेव्हा वाटेत सावलीला टेकायलाही काही नव्हतं. तिथे पहिली भाडेकरू कुटुंबं राहायला आली 2011 मध्ये. पहिलं स्टेडियम उघडल्यापासून अकरा वर्षं! स्टेडियम आलं की वस्ती आपोआप येते असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन सालं सांगते.

आपोआप का आली नाही, हे समजायला फार डोकं लागत नाही. व्यावसायिक फुटबॉल संघ नियमित हंगामात घरच्या मैदानावर आठ-नऊ सामने खेळतो. बेसबॉलचे एक्क्याऐंशी. त्यामुळे बेसबॉलच्या बाजूला निदान उन्हाळाभर वर्दळ असते. फुटबॉलच्या बाजूला मंगळवारी दुपारी काय असतं? मोठी बंद भिंत. आठ-नऊ रविवारांच्या गर्दीवर कुणी किराणा दुकान चालवू शकत नाही. शिवाय सामन्याला आलेले बहुतेक लोक याच काउंटीतले किंवा शेजारच्या. इथे खर्च केलेला पैसा त्यांनी एरवी दुसऱ्या कुठल्या तरी हॉटेलात, दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाला खर्च केला असता. स्टेडियमांचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत.

मग वस्ती आली कशामुळे? जमिनीखालच्या कामांमुळे, असं माझं ठाम मत आहे. ओहायोला पूर येतो. इथे बावन्न फुटांना पूरपातळी धरतात. 1937 मध्ये पाणी ऐंशी फुटांपर्यंत चढलं होतं. 1997 मध्ये चौसष्टच्या वर गेलं, 2018 मध्ये साठच्या वर. त्या सखल जागेत सरळ घरं बांधणं शक्यच नव्हतं. म्हणून शहर आणि काउंटीने आधी पार्किंगचे मजले बांधले आणि त्यांच्या छतावर नवे रस्ते काढले. पुराचं पाणी आलंच तर गाड्यांच्या मजल्यात शिरेल, वर माणसं कोरडी राहतील. खाजगी बिल्डरांनी त्या तयार छतावर इमारती उभ्या केल्या. त्याच्याही आधी फोर्ट वॉशिंग्टन वे नव्याने बांधून अरुंद केला होता, त्यातून काही एकर जमीन मोकळी झाली आणि शहराचे रस्ते पुन्हा नदीच्या दिशेने उतरू लागले. ही कामं कंटाळवाणी आहेत. त्यांच्या उद्घाटनाला कुणी फुगे सोडत नाही. पण पैसा कुठे कामी आला असं मला विचाराल तर मी या पार्किंगकडे बोट दाखवीन.

आणि उद्यानाकडे. 2012 मध्ये स्मेल पार्कचा पहिला भाग उघडला आणि माझ्या मते त्या दिवशी नदी शहराला परत मिळाली. तिकीट नाही, हंगाम नाही. पोरं कारंज्यात भिजतात, म्हातारी माणसं झुल्यांवर बसून नदीवरच्या रोबलिंग पुलाकडे बघत असतात, लग्नाचे फोटो चाललेले असतात. पाणी चढलं की खालचे रस्ते बुडतात, ओसरलं की चिखल काढून पुन्हा सुरू. तसंच धरून ते बांधलंय.

आता भाडेकरार. 1997 मध्ये काउंटीने फुटबॉल संघाशी केलेला करार मी मुद्दाम बसून वाचलाय. स्टेडियमची मोठी दुरुस्ती आणि सुधारणा बहुतांशी काउंटीच्या गळ्यात. भविष्यात निघणाऱ्या तंत्रज्ञानाची यादीसुद्धा त्यात आहे, होलोग्राममध्ये रिप्ले दाखवणाऱ्या यंत्रापर्यंत! अजून जे यंत्र बाजारात नाही त्याची जबाबदारी करदात्यावर टाकणाऱ्या कागदावर सही झाली होती. आजूबाजूच्या इमारती किती उंच असाव्यात यावरही संघाचं म्हणणं चालणार होतं, त्यामुळे द बँक्सवर मोठी कार्यालयीन इमारत आणायची वेळ आली तेव्हा संघाशी वेगळी बोलणी करावी लागली. ज्या स्टेडियममुळे परिसर उभा राहणार होता त्याच्याच करारात परिसराला अडवणारी कलमं होती. याचा मला खरोखर राग येतो, कारण हे कलम वाचायला कुणी हिशेबनीस असायची गरज नव्हती.

जून 2025 मध्ये नवा करार मंजूर झाला. नूतनीकरण 47 कोटी डॉलरचं, त्यातले 35 कोटी काउंटीचे, 12 कोटी संघाचे. जुन्यापेक्षा बरा आहे, हे मी मान्य करते. संघ स्वतःचे पैसे घालतोय ही मोठी गोष्ट आहे. तरी तीन चतुर्थांश वाटा लोकांचाच.

एक गोष्ट मात्र द बँक्सच्या बाजूने सांगायलाच हवी. तिथे कुणाची राहती वस्ती उठवली नाही. फुटबॉलचा दुसरा प्रकार, ज्याला इथे सॉकर म्हणतात, त्याचं स्टेडियम 2021 मध्ये शहराच्या वेस्ट एंड भागात उघडलं. त्याच भागात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून शहर सुधारणेच्या नावाखाली पंचवीस हजारांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली होती, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. तिथले जुने रहिवासी नव्या स्टेडियमच्या चित्राकडे संशयाने बघतात तेव्हा त्यांना प्रगतीचे विरोधक म्हणू नये. त्यांनी असली चित्रं आधी पाहिली आहेत.

माझी मागणी आता एकच आहे आणि ती मी काउंटीच्या सुनावणीतही मांडली. फोर्ट वॉशिंग्टन वे नव्याने बांधताना त्यावर पुढे कधीतरी छत टाकता यावं म्हणून त्याचा भार पेलणारे खांब तेव्हाच जमिनीत घातले गेले. छत टाकलं की महामार्ग झाकला जाईल, वर बाग होईल आणि शहरातून नदीपर्यंत सलग चालत जाता येईल. ते काम अजून झालेलं नाही. स्टेडियमच्या खुर्च्या आणि पडदे बदलायला 35 कोटी निघू शकतात, तर पुढच्या अर्थसंकल्पात या छतासाठीही रक्कम धरा आणि कामाचं साल लिहून द्या.