तुम्ही विचारलंत म्हणून: कार्टूनमधले सीन आमचे पप्पा कापायचे का?

प्रश्न एकच असतो, जागा बदलते. लग्नाच्या पंगतीत, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत, परवा तर सलूनमध्ये तोंडाला साबण लावलेला असताना. "तू केबलवाल्याचा ना बे? ते कार्टूनमधले सीन तुझे पप्पाच कापायचे ना?" विचारणारे सगळे आता तिशीच्या आसपासचे, आणि सगळ्यांची पक्की खात्री की ड्रॅगन बॉल झी या जपानी कार्टूनमध्ये मारामारी रंगात आली की जो झटका बसायचा आणि एकदम पुढचंच काहीतरी सुरू व्हायचं, तो झटका आमच्या जिन्याखालच्या खोलीतून यायचा.

नाही ओ. त्या खोलीत डिशचे रिसिव्हर होते, मॉड्युलेटर होते आणि एक टेबलफॅन होता जो माणसांसाठी नव्हता, मशिनसाठी होता, सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहितीच आहे. वरून जे यायचं ते तसंच वायरीत जायचं. सीन कापायचा म्हणजे आधी सगळं रेकॉर्ड करायचं, बघत बसायचं, मग कापून लावायचं, आणि पप्पांचा अर्धा महिना शंभर-शंभर रुपयांच्या वसुलीसाठी लोकांचे जिने चढण्यात जायचा.

खरी कात्री लई लांब होती. आपल्याकडे जपानी कार्टून म्हणून जे यायचं त्यातलं बरंच आधी अमेरिकेत थांबून यायचं, आणि तिथल्या कंपन्या ते तिथल्या पोरांसाठी, तिथल्या आईबापांना घाबरून साफ करायच्या. ड्रॅगन बॉल झीचे पहिले 67 भाग 1996 पासून तिकडे दाखवले तेव्हा कापून 53 केले होते. त्यात नरकाचा एक प्रसंग आहे, तिथल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत मोठ्या अक्षरात हेल लिहिलेलं. आता मुलांच्या टीव्हीवर नरक कसा दाखवायचा? तर त्यांनी काय केलं, ई अक्षराची खालची दांडी पुसली, झाला एफ. पुढच्या एलचा पाय पुसला, झाला आय. मग जो शब्द तयार झाला, एचएफआयएल, त्याला अर्थ तर पाहिजे, म्हणून संवादात घातलं, होम फॉर इन्फिनिट लूझर्स. मी हे कॉलेजात असताना नेटवर चित्र थांबवून थांबवून बघितलं आणि खरं सांगतो, त्या माणसाचं मला कौतुकच वाटलं. दोन रेघा खोडल्या आणि नरकाचं वसतिगृह करून टाकलं.

पण भाताचं मला अजून पटत नाही. पोकेमॉनमध्ये ती पोरं प्रवासात जे पांढरे तिकोनी गोळे खातात, खाली काळी पट्टी असलेले, ते ओनिगिरी, म्हणजे सरळ भाताचे मुटके. अमेरिकन डबिंगमध्ये त्यांच्यातलाच ब्रॉक त्यांना जेली भरलेले डोनट म्हणतो! अमेरिकन पोराला भाताचा गोळा ओळखू येणार नाही अशी भीती असेल, असू दे, पण तीच इंग्रजी आवृत्ती पुढे जगभर फिरली. आमच्या गल्लीत तेव्हा डोनट कुणी बघितलेला नव्हता ओ, भात मात्र रोज दोन वेळा समोर. आपण त्यांच्या हिशेबातच नव्हतो.

वन पीस या कार्टूनचंही तसंच. त्यातला सांजी कायम सिगारेट ओढतो, फोरकिड्स नावाच्या कंपनीने 2004 मध्ये त्याच्या तोंडात लॉलीपॉप दिला. आमच्या शेजारच्या पद्मशाली मावशी सुपात तेंदूची पानं घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, वळता वळता समोर टीव्ही चालू, बाजूला पोरगं गृहपाठ करतंय, त्या घरात सिगारेटचा लॉलीपॉप करून नक्की कोण वाचणार होतं?

त्याच कंपनीने आणलेलं युगीओ, पत्त्यांच्या खेळाचं कार्टून. त्यात एका खेळात दोघांचे पाय बांधलेले असतात आणि हरेल त्याच्याकडे फिरती करवत सरकत येते. जपानी मूळ असं. अमेरिकेत करवतीच्या जागी चमकणाऱ्या चकत्या आल्या आणि मरणाच्या जागी शॅडो रेल्म, म्हणजे तुमचा आत्मा कायमचा अंधारात अडकणार. अरे ह्याच्यापेक्षा मरण परवडलं! आमच्या रस्त्यावरून प्रेतयात्रा जायची तेव्हा आजी आम्हाला हात जोडायला लावायची, मेला म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. तो अंधार कळत नव्हता, त्यामुळे लाईट गेली की आधी तोच आठवायचा. कापा की, माझं काही म्हणणं नाही, झटका बसेल आणि पोरगं पुढे बघेल, पण कापलेल्या जागी थाप भरू नका.

आणि कापायलाच पाहिजे असंही असतं बरं का. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनचा पोरिगॉन नावाच्या पोकेमॉनवाला भाग लागला, त्यात लाल-निळा प्रकाश इतका भराभर लुकलुकला की साडेसहाशेच्या वर मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली, तो भाग जपानबाहेर कधीच आला नाही. गंमत म्हणजे तो लखलखाट पिकाचूच्या विजेचा होता आणि नाव खराब झालं बिचाऱ्या पोरिगॉनचं.

शिनचॅनची कात्री मात्र देशी. तो मुळात मोठ्यांच्या साप्ताहिकातला, जपानमधले आईबापसुद्धा त्याच्या नावाने बोटं मोडायचे, आपल्याकडे हंगामा चॅनेलवर आला आणि पोरं पाहुण्यांसमोर त्याच्यासारखाच ढुंगण हलवत नाच करायला लागली. 2008 मध्ये सरकारने आक्षेप घेतला, बंद झाला, 2009 मध्ये कापून-छाटून परत आला.

म्हणजे पप्पा निर्दोष. असं मी सलूनमध्ये सांगितलं, पण तोंडाला साबण होता म्हणून अर्धंच सांगितलं. पप्पांना कापता येत नव्हतं, बंद करता येत होतं. त्या बंदीच्या आधीच्या वर्षी मार्चमध्ये मागच्या बोळातल्या एक काकू आल्या, पोराची दहावी होती, म्हणाल्या भाऊ तेवढं संध्याकाळचं ते शिनचॅन काढा ओ. पप्पांनी महिनाभर रोज तासभर त्या चॅनेलची वायर काढून ठेवली. गल्लीतली पोरं दारात यायची, पप्पा म्हणायचे, "वरूनच नाही रे, सिग्नल गेलाय." मलाही हेच सांगायचे. एकदा चहा द्यायला मी खोलीत गेलो तर टेबलफॅनसमोर पप्पा बसलेले, चेकिंगच्या छोट्या टीव्हीवर आवाज बंद करून शिनचॅन चालू, आणि पप्पांना हसू आवरत नव्हतं.